डायरेक्टरसाहेब, तुमची सही माझ्या ड्रॉवरमध्ये आहे

प्रति,
भोसरी, चाकण, सातपूर, वाळूज, शिरोली आणि जिथे कुठे शेडवर 'प्रायव्हेट लिमिटेड' अशी पाटी आहे तिथले सर्व संचालक.
रोज शेडवर येणारे आणि फक्त सहीपुरते असलेले, दोन्ही.

सप्रेम नमस्कार.

मी पुण्यात प्रॅक्टिस करणारी कंपनी सेक्रेटरी. २२ वर्षं तुमच्या कंपन्यांचे ठराव लिहिते, सभांची इतिवृत्तं तयार करते, आरओसीकडे, म्हणजे कंपन्यांच्या सरकारी निबंधकाकडे, फॉर्म भरते. माझ्या टेबलाच्या उजव्या ड्रॉवरमध्ये बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. आज सकाळी तो टेबलावर उपडा केला आणि मोजलं. पेन ड्राइव्हसारखे दिसणारे ४१ डोंगल निघाले. प्रत्येकावर पांढरी चिकटपट्टी, पट्टीवर आडनाव, आणि निम्म्याहून जास्त पट्ट्यांवर बॉलपेनने लिहिलेला पासवर्ड.

तो डोंगल म्हणजे तुमची डिजिटल सही. कायद्याच्या लेखी शाईच्या सहीपेक्षा ती तसूभरही कमी नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४२ ने सांगून ठेवलंय की ज्याच्या नावावर डिजिटल सही आहे, त्याने तिची गुप्त किल्ली आपल्या ताब्यात राहील याची वाजवी काळजी घ्यायची आणि ती दुसऱ्याला कळू द्यायची नाही. तुम्ही काय केलंत, तर ड्रायव्हरच्या हाती पाकीट पाठवलंत आणि फोनवर म्हणालात, "मॅडम, तुमच्याकडेच असू दे, सारखी लागते." फॉर्म भरायच्या सरकारी पोर्टलचा लॉगिनही आमच्याकडेच. माझ्या ऑफिसातल्या कुणाच्या मनात आलं तर तुमचा राजीनामा दुपारच्या चहाआधी दाखल होईल. आजवर झालं नाही, कारण माणसं चांगली आहेत. पण माणसं चांगली असणं हा तुमच्या बंदोबस्ताचा भाग नव्हता, ते तुमचं नशीब होतं. आणि मीही इतकी वर्षं तो डबा ठेवून घेतला, हा माझा दोष.

डब्यापेक्षा मला जास्त सलते ती एक ओळ. दरवर्षी एजीएमच्या, म्हणजे वार्षिक सर्वसाधारण सभेच्या, आधी मी तुमच्यासमोर संचालकांचा अहवाल ठेवते. शेवटच्या पानावर पेन्सिलीने फुली मारलेली असते, तुम्ही थेट तिथेच जाता. त्याच्या आधीच्या पानावर कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३४ (५) प्रमाणे एक निवेदन असतं. त्यातल्या एका कलमाचा साध्या मराठीत अर्थ असा: कंपनीच्या मालमत्तेचं रक्षण व्हावं, अफरातफर आणि गैरप्रकार टळावेत व सापडावेत, यासाठी कायद्याप्रमाणे पुरेशा हिशेबनोंदी ठेवण्याची योग्य आणि पुरेशी काळजी आम्ही संचालकांनी घेतली आहे.

'आम्ही संचालकांनी.' टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर बसणाऱ्या मुलाने नव्हे, एएमसीवाल्या कॉम्प्युटरवाल्याने नव्हे, सीएच्या ऑफिसने नव्हे. हे विधान तुमच्या तोंडचं आहे आणि खाली तुमची सही आहे. तुमच्यापैकी किती जणांनी ते वाचलंय, हे मी विचारत नाही. मला माहीत आहे.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगते. कंपनीचं नाव सांगणार नाही, गावही नाही. मशीनिंगचं काम, दोन शेड, ६० माणसं. सोमवारी सकाळी हिशेबाचा कॉम्प्युटर उघडला तर प्रत्येक फाइलच्या नावापुढे भलतीच अक्षरं आणि पडद्यावर इंग्रजीत खंडणीची चिठ्ठी. बॅकअप होता. रोज संध्याकाळी न चुकता घेतला जात होता, एका पोर्टेबल हार्ड डिस्कवर. ती डिस्क त्याच कॉम्प्युटरला कायमची लावून ठेवलेली होती. मूळ फायलींबरोबर तीही गेली.

पुढचे पंधरा दिवस मालक स्वतः ग्राहकांना फोन करून विचारत होते, "तुमच्याकडे आमचं किती येणं आहे हो?" हे वाक्य धंदा करणाऱ्या माणसाला उच्चारावं लागणं काय असतं, ते तुम्हाला मी सांगायला नको. काही ग्राहकांनी खरं सांगितलं. काहींना अचानक रिजेक्शन आठवलं. जीएसटी पोर्टलवर विक्रीची बिलं चढवलेली होती, म्हणून निदान एक बाजू जुळवता आली. मजुरांचं ओव्हरटाइमचं रजिस्टर वहीत होतं, ते वाचलं. यंत्रभागांची ड्रॉइंग मात्र गेली, त्यातली काही ग्राहकांची होती.

त्या वर्षीच्या अहवालातही ती 'योग्य आणि पुरेशी काळजी' होती. मीच टाइप केली होती, मागच्या वर्षीच्या फाइलवरून. इतिवृत्तं काढून पाहिली. पाच वर्षांत बोर्डाच्या एकाही सभेत बॅकअप हा शब्द आलेला नव्हता. बँकेची कॅश क्रेडिट मर्यादा होती, गाडी खरेदी होती, भाडेकरार होता. उद्या कुणी विचारलं असतं की काळजी घेतली म्हणता, ती कधी, कोणी, कशी, तर दाखवायला आमच्याकडे एक ओळ नव्हती.

आता कायदा काय मागतो ते बघा, म्हणजे मी उगाच घाबरवते आहे असं वाटणार नाही.

हिशेबाची पुस्तकं ८ आर्थिक वर्षं जपायची, हे कलम १२८. संगणकावर ठेवत असाल तर त्यांचा बॅकअप भारतातच असलेल्या सर्व्हरवर, आणि तो रोज. 'रोज' हा शब्द ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीने आला. त्याआधी 'ठरावीक काळाने' असं मोघम होतं. १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाचं सॉफ्टवेअर असं हवं की कोणती नोंद कधी बदलली याचा माग आपोआप राहील आणि तो बंद करता येणार नाही. तुमच्या ऑडिटरला आता अहवालात लिहावं लागतं की हा माग वर्षभर चालू होता का, त्याच्याशी छेडछाड झाली का. मला माहीत आहे, तुमच्यातल्या काहींनी अकाउंटंटला सांगितलं होतं, "ते एडिट लॉगचं झंझट नको, जुनंच चालू दे." ही सूचना तोंडी होती म्हणून बरं. कलम १२८ खालची जबाबदारी व्यवस्थापकीय संचालक, अर्थखात्याचा पूर्णवेळ संचालक, नाहीतर बोर्डाने नेमून दिलेला माणूस, यांच्यावर व्यक्तिशः येते आणि दंड ५० हजारांपासून ५ लाखांपर्यंत.

हिशेब सोडून बाकीच्या नोंदी, म्हणजे सभासदांचं रजिस्टर, इतिवृत्तं, ठराव, संगणकावर ठेवल्या असतील तर २०१४ च्या व्यवस्थापन व प्रशासन नियमांतला २८ वा नियम लागू. तो फार सरळ आहे. या नोंदींच्या सुरक्षिततेला जबाबदार कोण, ते बोर्डाने ठरवायचं: व्यवस्थापकीय संचालक, कंपनी सेक्रेटरी किंवा आणखी कुणी संचालक वा अधिकारी. कुणी परस्पर उघडू नयेत, बदलू नयेत, डिस्क बिघडली म्हणून नाहीशा होऊ नयेत, हे त्याने पाहायचं. तुमच्या कंपनीत हे नाव कोणाचं आहे? नाव नसेल, तर नियमाने ज्याची मानगूट धरायची तो माणूसच नाही, असं समजून निर्धास्त राहू नका. कायद्याने त्याचीही सोय केली आहे.

इथे मी त्या वहिनींशी बोलते ज्यांच्या नावाचा डोंगल डब्यात आहे, आणि ज्या मला दिवाळीला चिवडा पाठवतात पण ज्यांनी बोर्डाची एकही सभा पाहिलेली नाही. 'मी फक्त नावाला आहे हो' हे तुम्ही मला अनेकदा सांगितलंत. 'कसूरवार अधिकारी' कोण, याची व्याख्या कलम २ (६०) मध्ये आहे. कंपनीत पूर्णवेळ संचालक किंवा इतर प्रमुख अधिकारी नेमलेला नसेल आणि बोर्डाने कोणा एका संचालकावर त्याच्या संमतीने ती जबाबदारी टाकलेली नसेल, तर सगळे संचालक. शिवाय, बोर्डाच्या कामकाजाची कागदपत्रं मिळाल्याने किंवा सभेत भाग घेतल्याने ज्याला कसूर कळली आणि तरी ज्याने हरकत नोंदवली नाही, तोही त्यात येतो. माझ्या इतिवृत्तात तुम्ही प्रत्येक सभेला हजर आहात. तसं लिहून घेतलं जातं, म्हणून. वहिनी, त्या कागदांवर तुम्ही खूप काही ऐकलंय आणि कशालाच हरकत घेतलेली नाही.

कलम १६६ सगळ्यांना लागू. संचालकाने योग्य ती वाजवी काळजी, कौशल्य आणि तत्परता दाखवायची आणि स्वतःच्या डोक्याने निर्णय घ्यायचा, असं त्याचं तिसरं पोटकलम सांगतं. 'आमच्या ह्यांनी सांगितलं' हे स्वतःचं डोकं होत नाही. मोडल्यास दंड १ लाख ते ५ लाख. खरं सांगते, दंडाच्या आकड्याने मी तुम्हाला घाबरवू शकणार नाही. एवढे पैसे एखाद्या बिघडलेल्या डायपायी तुम्ही घालवलेत आणि जेवायला वेळेवर घरी गेलात. गेलेली माहिती परत येत नाही, हा हिशेब वेगळा आहे.

त्याच कलमाचं पाचवं पोटकलम मला आपल्याकडच्या भाऊबंदकीसाठीच लिहिलंय असं वाटतं. संचालकाने स्वतःसाठी किंवा आपल्या नातेवाइकांसाठी, भागीदारांसाठी गैर फायदा मिळवायचा नाही. मिळवला तर तेवढी रक्कम कंपनीला भरून द्यायची. दोन भाऊ वेगळे होतात. धाकटा समोरच्या गल्लीत मेव्हण्याच्या नावाने शेड घेतो. राजीनाम्याच्या आदल्या रात्री ग्राहकांची यादी, रेट, कुठल्या परचेस मॅनेजरला काय चालतं याची टिपणं, सगळं पेन ड्राइव्हवर जातं. विचारलं की म्हणतो, "ग्राहक मीच आणले होते." आणले असतील. पण ते आणलेत कंपनीचे संचालक म्हणून, कंपनीच्या पगारावर, कंपनीच्या गाडीने. ती यादी कंपनीची. मुंबई आणि दिल्लीच्या उच्च न्यायालयांत असे वाद कैक वर्षं चालू आहेत, आणि कष्टाने जमवलेल्या ग्राहकयादीला संरक्षण देणारे निकाल आहेत. १९९५ चा दिल्लीचा बर्लिंग्टन खटला त्यातला गाजलेला. तिथे यादी नेली होती नोकराने.

मग प्रश्न येतो, गुपित म्हणायचं कशाला. व्यापारी गुपितांसाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही. विधी आयोगाने मार्च २०२४ मध्ये आपल्या २८९ व्या अहवालात तो करावा अशी शिफारस केली आहे. तोवर करार कायदा आणि विश्वासभंगाचं न्यायतत्त्व यांवर काम चालतं. १९८७ चा एक निकाल तुमच्या कामाचा आहे. जॉन रिचर्ड ब्रॅडी नावाच्या संशोधकाने जनावरांसाठी हिरवा चारा उगवणारं यंत्र तयार केलं होतं. त्याची पॅनेल पुरवण्यासाठी एका कंपनीशी बोलणी झाली, तिला ड्रॉइंग आणि तांत्रिक माहिती दाखवली, आणि पुढे त्या कंपनीने तसंच यंत्र स्वतः बाजारात आणलं. दिल्ली उच्च न्यायालयाने मनाई दिली: विश्वासाने हाती आलेली माहिती स्वतःच्या धंद्याला वापरता येणार नाही. पुरवठादाराला ड्रॉइंग दाखवणं हा तुमचा रोजचा उद्योग आहे, म्हणून हे सांगितलं.

पण कोर्टात दाद मागायला गेलात की समोरचा वकील पहिला प्रश्न हाच विचारतो, की इतकं गुपित होतं तर तुम्ही ते जपलं कसं. आणि मग निघतं की ड्रॉइंग 'टूलरूम ग्रुप' नावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर होतं, त्यात ३४ माणसं, पैकी ७ जण नोकरी सोडून गेलेले, दोन जण प्लेटिंगवाले आणि एक कँटीनवाला. जे तुम्ही स्वतः गुपितासारखं वागवलं नाही, त्याला न्यायाधीशांनी गुपित का म्हणावं? नोकराकडून 'दोन वर्षं प्रतिस्पर्ध्याकडे जाणार नाही' असं लिहून घेतलेलं असतं, त्याच्यावरही फार विसंबू नका. करार कायदा १८७२ चं कलम २७ त्याच्या आड येतं. माणसाला थांबवता येत नाही. माहिती नेण्यापासून थांबवता येतं, तीही कोणती माहिती हे आधी सांगून ठेवलं असेल तर.

ज्यांचे डोळे शेअर बाजारात, छोट्या कंपन्यांसाठीच्या एसएमई प्लॅटफॉर्मवर, लिस्टिंगकडे लागलेत त्यांना एवढंच: त्या दिवसापासून सेबीचे २०१५ चे इन्सायडर ट्रेडिंगचे नियम लागतील. निकाल जाहीर होण्याआधी ते आकडे कोणाला, कधी, कशासाठी दिले, याची संगणकीय नोंदवही ठेवावी लागेल, माणसाच्या पॅनसकट. साडूला सहज बोलून गेलो, ही सबब तिथे चालत नाही.

आता पुण्याचीच गोष्ट. ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस बँकेवर हल्ला झाला. बँक सहकारी आहे, तिच्या संचालकांना लागणारे कायदे वेगळे, हे मान्य. पण घडलं ते बघा. ११ ऑगस्टला, शनिवारी, देशोदेशींच्या एटीएममधून बनावट कार्डांनी पैसे निघत राहिले, २८ देशांतून, सुमारे ७८ कोटी. देशातून अडीच कोटी. १३ तारखेला आणखी सुमारे १४ कोटी हाँगकाँगच्या एका बँकेतल्या खात्यावर गेले. एकूण ९४ कोटींच्या वर. चोरांनी तिजोरीला हात लावला नव्हता. कार्डाला 'हो' म्हणणारी जी यंत्रणा असते, तिच्या जागी त्यांनी आपली खोटी यंत्रणा बसवली, आणि ती सगळ्यांनाच हो म्हणत गेली. एवढ्या मोठ्या संस्थेच्या बाबतीत हे होऊ शकतं, तर तुमचं काय? तुमच्या राउटरचा पासवर्ड अजून त्याच्यावर छापून आलेलाच आहे, हे तुम्हीच मला हसत सांगितलं होतं.

तुमच्याकडे एवढं भव्य काही होणार नाही. तुमच्याकडे एक ईमेल येईल. नेहमीच्या पुरवठादाराच्या नावाने, नेहमीच्या भाषेत: आमचं बँक खातं बदललं आहे, यापुढे इथे पैसे पाठवा. पत्त्यातलं एक अक्षर इकडचं तिकडे. असे पैसे गेले तर १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला लगेच फोन करा, संध्याकाळपर्यंत थांबू नका; पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत गोठवता आले तरच हाती लागतात. आणि सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी यंत्रणेला अशा घटनेची खबर ६ तासांत द्यायची असते. २८ एप्रिल २०२२ चा आदेश आहे तो, कंपन्या त्यात स्पष्ट आहेत. लघुउद्योगांना फक्त त्या सप्टेंबरपर्यंतची सवलत होती, ती केव्हाच संपली. संगणकांचे लॉग, म्हणजे त्यांवर काय काय झालं याच्या आपोआप होणाऱ्या नोंदी, १८० दिवस ठेवायचे, हेही त्यातच. वर सांगितलेल्या सोमवारच्या प्रसंगात आम्हाला हे सहा तासांचं कलम आठवलं ते नवव्या दिवशी.

कामगारांची आधारकार्डं, बँक पासबुकं, वैद्यकीय तपासणीचे कागद यांच्या फोटोकॉपी तुमच्या एचआरच्या टेबलावर उघड्या पडलेल्या असतात, त्याबद्दल सविस्तर वेगळं लिहीन. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि मुख्य बंधनं त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. सुरक्षेची वाजवी व्यवस्था केली नाही तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी. हा आकडा तुमच्यासाठी नाही, मोठ्यांसाठी आहे, असं म्हणून तुम्ही पान उलटाल, म्हणून आत्ता इथेच थांबते.

माझी मागणी मोठी नाही. पुढच्या बोर्ड सभेची सूचना मी पाठवीन तेव्हा तिच्यात 'कंपनीच्या माहितीची सुरक्षा' असा एक विषय असेल. तो खोडू नका. त्या दिवशी चार गोष्टी बोलायच्या: बॅकअप कुठे असतो आणि तो परत चढवून कोणी, कधी पाहिला, नोकरी सोडून गेलेल्यांचे लॉगिन चालू आहेत का, बाहेर गेलेली ड्रॉइंग कोणाकोणाकडे आहेत, आणि नियम २८ साठी नाव कोणाचं. पंधरा मिनिटं. जे ठरेल ते मी इतिवृत्तात लिहीन, आणि जे ठरलं नाही तेही लिहीन. वहिनी, तुम्हीही या. खरोखरच या. हरकत घ्यावीशी वाटली तर घ्या, मी ती शब्दशः नोंदवीन.

आणि या वर्षीच्या अहवालातली ती ओळ मी मागच्या फाइलवरून उचलणार नाही. सभेत काही झालं असेल तरच टाइप करीन. नसेल, तर ती लिहून देणारी दुसरी कंपनी सेक्रेटरी तुम्हाला शोधावी लागेल.

राहता राहिला डबा. पट्ट्यांवरचे पासवर्ड मी आज सकाळी फाडून टाकले आहेत, आता तरी ते बदला. ऑफिस ११ ते ६ उघडं असतं, शनिवारी २ पर्यंत. डोंगल न्यायला स्वतः या, ड्रायव्हरला पाठवलंत तर देणार नाही. वहीत सही करून न्यायचा. शाईची.

आपली,
एक प्रॅक्टिसिंग कंपनी सेक्रेटरी, पुणे